न्हाणीतला विस्तव

आमच्या घरातला तांब्याचा बंब मोडीत काढावयाचा की नाही, या प्रश्नावर आमच्याकडे जेवढा वाद झाला, तेवढा वाडा पाडू द्यावयाचा की नाही यावरही झाला नसेल. ही गोष्ट २००६ सालची. पुण्याच्या पेठेतला आमचा भाड्याचा वाडा पडून त्याच्या जागी इमारत उभी राहिली होती आणि तीत आम्हांला दोन खोल्यांचे घर मिळाले होते. बिल्डरने दिलेल्या नकाशाच्या एका कोपऱ्यात ‘बाथ ४ × ६’ एवढीच अक्षरे होती. त्या कोऱ्या करकरीत मोरीत माझे काका टेप घेऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, “बंब दीड फुटाचा. भोवती फूटभर मोकळे हवे, नाहीतर पोरे भाजतील. मग माणसाने बसावे कोठे?”

आई दारातच उभी होती. ती म्हणाली, “भावोजी, ठेवायचा तर खुशाल ठेवा. पण पहाटे उठून पेटवायचा तुम्ही.”

काकांनी टेप गुंडाळला. सत्तावीस वर्षे तो बंब आईने पेटवला होता. तिच्यापुढे बोलण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. बंब माळ्यावर गेला आणि भिंतीवर गॅसचा गिझर आला. भिंतीवरच्या या डब्याने जमिनीची एक इंचही जागा अडवली नाही, याचे आम्हां सर्वांना कोण कौतुक!

फक्त आजीने मोरीत डोकावून एक प्रश्न विचारला होता. “अरे, न्हाणीला झरोका कोठे आहे?” मी तिला खिडकी दाखवली. हातभर रुंद, वर काचेच्या आडव्या पट्ट्या. आजी काही बोलली नाही. तिचा प्रश्न किती नेमका होता, ते कळावयास मला पुढचे पाच महिने लागले. आणि तो समजून घेण्यासाठी चुलीपासून गिझरपर्यंतचा इतिहास धुंडाळावा लागला. माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच, तेव्हा जे हाती लागले ते साध्या भाषेतच सांगतो.

‘बंब’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. आग विझवावयास धावतो तोही बंब आणि आग पोटात घेऊन बसतो तोही बंब. या शब्दाचे नाते पोर्तुगीज ‘बोंबा’शी, म्हणजे पाणी खेचण्याच्या यंत्राशी जोडतात. आपल्या न्हाणीतल्या बंबात यंत्र म्हणण्यासारखे काही नाही. तांब्याचे एक पोटाळ पिंप. त्याच्या मधोमध आरपार गेलेले नळकांडे. नळकांड्याच्या तळाशी जाळी. जाळीखाली राख पडावयास जागा. बाहेर पितळी तोटी. वरून ढलप्या, कोळसे, करवंट्या टाकावयाच्या, खालून फुंकर घालावयाची. झाले! पण कल्पना पाहा किती शहाणपणाची. चुलीवर हंडा ठेवला, की निम्मी धग हंड्याच्या बाजूंनी निघून जाते. बंबात विस्तव मध्ये आणि पाणी त्याच्या चोहोबाजूंनी. धगीने पळावयाचे म्हटले तरी तिला पाण्यातूनच वाट काढावी लागते. रशियातला समोवार याच कल्पनेवर चालतो. तेथील तुला गावी १७७८ साली लिसित्सिन बंधू समोवार घडवीत होते. चहाला जे रशियनांनी केले, तेच आंघोळीला आपण केले.

पुण्यात हे बंब घडत ते कसब्यातल्या तांबट आळीत. पेशव्यांच्या आमदानीत कोकणातून आलेले त्वष्टा कासार तेथे वसले आणि त्यांच्या हातोड्यांचा ठोका त्या आळीतून अजून पुरता बंद झालेला नाही. पत्र्यावर जवळजवळ घातलेल्या ठोक्यांनी जी चमचमती नक्षी उठते, तिला मठारकाम म्हणतात. ते नुसते शोभेसाठी नसते. ठोकून ठोकून तांबे कणखर होते आणि त्याला पोक येत नाही. आमच्या बंबावरचे मठारकाम चिंच आणि राख लावून घासताना बोटांना कळे. दिवाळीच्या आधी तो घासण्याचे काम आम्हां मुलांकडे असे आणि त्यात आपले तोंड वाकडेतिकडे दिसू लागले, की काम झाले असे आम्ही समजत असू.

पण बंबाचे कौतुक करताना एक गोष्ट आपण विसरतो. बंब एकटा कधीच नव्हता. त्याच्यासोबत न्हाणी होती. आमच्या वाड्यातली न्हाणी मागच्या चौकात, विहिरीच्या अंगाला. तिच्या भिंती छपरापर्यंत पोचतच नव्हत्या. वर हातभर फट. छपरावर कौले, आणि कौलांतून धूर कसा बाहेर पडतो हे हिवाळ्याच्या सकाळी रस्त्यावरूनसुद्धा दिसे. दार म्हणजे दोन फळ्या, खालीवर उघड्या. आंघोळ करताना पाठीवर कढत पाणी आणि पिंढऱ्यांवर गार वारा, असा तो एकंदर प्रकार होता. कोकणात तर न्हाणी घरापासून सुटीच असावयाची. तिच्यात चुलाणावर भलाथोरला हंडा आणि खाली नारळाची सोडणे धुमसत असत. विस्तवाची जागा घराच्या कडेला, परसाकडे. हे कोणी शास्त्र वाचून केले असेल असे नाही. धूर नको, ठिणगी नको, ओल नको, एवढ्याच हिशोबाने केले. पण त्या हिशोबात आणखी एक गोष्ट आपोआप साधली गेली, ती पुढे येईलच.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. त्या न्हाणीत धूर होताच. आणि स्वयंपाकघरात तर न्हाणीहून अधिक. पुरुष आंघोळीपुरते त्यात जात. बायकांचा दिवस त्यात उगवे आणि मावळे. आजीचे डोळे बाराही महिने पाणावलेले असत. लहानपणी मला वाटे, म्हाताऱ्या माणसांचे डोळे असेच असतात. ही दोन खोल्यांची जागा मिळाल्यावर सहा महिन्यांत ते पाणी थांबले. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार झाली, ती असल्याच डोळ्यांकडे पाहून. चूल चांगली होती. पण धुराड्यातली काजळी वेळच्या वेळी काढली नाही, की धूर पुन्हा घरातच. काढावयाची कोणी? ज्यांचे डोळे चुरचुरत त्यांनीच. चूल कोणती असावी हे ठरवणारे एक आणि ती फुंकणारे दुसरे, ही आपल्या घरांतली जुनी रीत.

जागेचा खरा प्रश्न उभा राहिला तो मुंबईत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीची वस्ती फोडून नवी घरे बांधावयाची म्हणून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि १९२० साली ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे खाते. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे या खात्याने बांधलेल्या २०७ चाळी ‘बी. डी. डी. चाळी’ म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. एकेका बिऱ्हाडाला सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली. अलीकडे त्यांचा पुनर्विकास सुरू झाला. पण कित्येक पिढ्या त्या खोल्यांत जन्मल्या, वाढल्या आणि संपल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसाने परस, पडवी, माजघर, न्हाणी असे सगळे घर त्या एका खोलीत दुमडून ठेवले. कोपऱ्यातली दोन हातांची मोरी हीच न्हाणी, आणि तिच्याशेजारचा ओटा हेच स्वयंपाकघर.

आणि तरीही हे सुदैवी म्हणावेत अशी स्थिती दुसरीकडे होती. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारने गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी करण्याचे काम एका डॉक्टर बाईंवर सोपवले होते. त्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद अशी एक खोली. तीत सहा बिऱ्हाडे राहतात, हे त्यांना कशावरून कळले? जमिनीवर मांडलेल्या सहा चुलींवरून. भिंत नाही, पडदा नाही. पण चूल वेगळी म्हणजे घर वेगळे! लहानथोर मिळून तीस माणसे त्या खोलीत होती. रात्री त्या सहा चुलींच्या धुराने भरलेल्या हवेत बाळंतिणीचे आणि तिच्या मुलाचे काय होत असेल, हे त्या बाईंनी सरकारला स्पष्ट लिहून कळवले. तो मजकूर वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. जागा कमी पडली म्हणून माणसांनी अंथरूण आखडले, सामान आखडले, बोलणेसुद्धा आखडले. चूल मात्र कोणी कोणात मिसळली नाही.

चुलीला पर्याय म्हणून चाळीत शेगडी आली. लोखंडी पत्र्याची बादलीसारखी शेगडी, मध्ये जाळी आणि वखारीतून शेराच्या हिशोबाने आणलेला लोणारी कोळसा. शेगडीचा मोठा गुण म्हणजे ती उचलता येते. गॅलरीत नेऊन पेटवावी, पुठ्ठ्याने वारा घालावा, धूर सगळा शेजाऱ्यांकडे जाऊ द्यावा (शेजारीही उद्या तेच करणार असतो), आणि निखारे लालभडक झाले, की आत आणावी. धूर नाही, काजळी नाही, ठिणगी नाही. रात्रीच्या थंडीत दार लावून, खिडकीला पोते अडकवून, शेगडीभोवती मंडळी बसत.

घराघरांतल्या विस्तवाच्या इतिहासातले हे वळण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तोवर माणसाचा समज असा होता, की विस्तवाचा वाईटपणा तो धुरात. धूर डोळ्यांना झोंबतो, नाकाला कळतो, खोकला आणतो, आणि माणूस उठून दार उघडतो. धूर गेला म्हणजे वैरी गेला! परंतु लाल निखाऱ्यातून आणखी एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. कर्ब अर्धवट जळला, की तो तयार होतो. शास्त्रज्ञ त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. आपल्या रक्तातला प्राणवायू वाहणारा जो तांबडा पदार्थ, त्याला हा वायू प्राणवायूहून दोनशेपटींहूनही अधिक घट्ट धरून बसतो. मग छाती भात्यासारखी चालू असते, हवा आत येत-जात असते आणि तरीही माणूस आतून गुदमरतो. डोके जड होते, मळमळते, झोप आल्यासारखे वाटते. उठून दार उघडावे ही बुद्धीच पहिल्याने जाते.

या वैऱ्याची मोठी किंमत थंड देशांतल्या लोकांनी मोजली. कारण तेथे विस्तव घराच्या मध्यभागी आणि खिडक्या घट्ट लावलेल्या. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला याचे नाव वाचकांना परिचित असेल. सप्टेंबर १९०२ च्या अखेरीस तो पत्नीसह गावाकडून पॅरिसच्या घरी परतला. हवा दमट होती म्हणून निजावयाच्या खोलीतल्या भट्टीत कोळसा पेटवला आणि दारे-खिडक्या बंद करून दोघे झोपली. मध्यरात्री दोघांनाही बरे वाटेना. पत्नी म्हणाली, नोकरांना हाक मारू या. झोला म्हणाला, अपचन झाले असेल, त्यांची झोप कशाला मोडावयाची? तो पलंगावरून उतरला तो खाली कोसळलाच. २९ सप्टेंबरच्या सकाळी तो मेलेला आढळला. पलंगावर राहिलेली पत्नी वाचली. धुराडे तुंबले होते. ड्रायफस प्रकरणात त्याने एका निरपराध लष्करी अधिकाऱ्याची बाजू घेतल्यामुळे त्याला शत्रू उदंड होते. ते धुराडे कोणी मुद्दाम बंद केले होते, असेही पुढे बोलले गेले. त्या वेळी चौकशीत तीच भट्टी पुन्हा पेटवून खोलीत गिनीपिग ठेवून पाहिले, तर ते जिवंत राहिले. अपघात, असा निकाल देऊन प्रकरण मिटवण्यात आले.

त्याच काळात इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन नावाचा शास्त्रज्ञ खाणीत मेलेल्या मजुरांच्या मृत्यूचे कारण शोधीत होता. त्याच्या लक्षात आले, की स्फोटाने मरतात त्याहून अधिक मजूर स्फोटानंतरच्या या वायूने मरतात. त्याने हा वायू स्वतःच्या छातीत भरून घेऊन पाहिला आणि रक्त तपासले! माणसाआधी लहान जिवाला तो बाधतो, म्हणून खाणीत पक्षी न्यावेत, असे त्याने सुचवले. पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी इंग्लंडच्या खाणीतून बाहेर पडला तो १९८६ साली, त्याच्याऐवजी यंत्रे आल्यावर.

आपल्याकडे शेगडीपाठोपाठ स्टोव्ह आला. स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ साली बिनवातीचा, दाबाचा स्टोव्ह काढला. प्रायमस या नावाने तो जगभर गेला आणि मराठी घरात तर त्या जातीच्या सगळ्याच स्टोव्हांना प्रायमस म्हणू लागले. त्याचा फरफर आवाज म्हणजे घरात कोणी जागे असल्याची खूण. एका वीतभर जागेत चहा, भात, आंघोळीचे पाणी, सगळे होऊ लागले. पंप, पिन, वॉशर यांची कटकट होती. भडका उडण्याची धास्तीही होती. ‘स्टोव्हच्या भडक्याने सुनेचा मृत्यू’ अशी बातमी एके काळी वर्तमानपत्रात इतकी नित्याची झाली होती, की तो दोष स्टोव्हचाच असे समजण्याइतके भोळे कोणी उरले नव्हते. ती कहाणी वेगळी आणि दिवाळीच्या दिवसांत सांगण्याजोगी नव्हे. पण विस्तवाचा इतिहास लिहिताना ती गाळूनही चालत नाही.

मग गॅस. १९५४ आणि १९५५ साली मुंबईच्या ट्रॉम्बे-माहुल बाजूला तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले. तेल शुद्ध करताना जो वायू हाती येई, तो दाबून सिलिंडरात भरून १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ नावाने मुंबईत विकावयास सुरुवात केली. १९७६ साली ती कंपनी सरकारने ताब्यात घेतली आणि ती भारत पेट्रोलियम झाली. सिलिंडराने चुलीला ओट्यावर आणले, बाईला उभे केले आणि धुराला घराबाहेर काढले. धूर नाहीसा झाला असे मात्र नव्हे. तो माहुलकडे राहावयास गेला आणि तेथल्या माणसांच्या वाट्याला आला. एक शहाणपण मात्र गॅसवाल्यांनी दाखवले. या वायूला मुळात वास फारसा नाही. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक उग्र दर्पाचे द्रव्य मिसळतात. घरात गॅस गळला तर नाकाला कळते. पण हाच गॅस अर्धवट जळून जो विषारी वायू होतो, त्याला कोणाला वास लावता आलेला नाही.

‘गिझर’ हे नाव आइसलंडमधल्या एका उकळत्या कारंज्याचे. लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉगन या रंगकाम-सजावट करणाऱ्या कारागिराने १८६८ साली गॅसवर धावते पाणी तापवण्याचे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. यंत्र चतुर होते: तोटी सोडावी आणि क्षणात ऊन पाणी हजर! पण जळलेला वायू बाहेर नेण्यासाठी त्याला धुराडेच नव्हते. पाणी तापवून झाल्यावर सगळा वायू आंघोळ करणाऱ्याच्या सोबतीला त्याच खोलीत राही. पुढे १८८९ साली अमेरिकेत पिट्सबर्गला एडविन रूड याने टाकीत पाणी साठवून आपोआप तापवणारे यंत्र केले आणि तेथून त्यात सुधारणा होत गेल्या. पण पहिल्या गिझरची ती चूक, धुराडे न देण्याची, आमच्या पिढीने सव्वाशे वर्षांनंतर पुन्हा गिरवली, तीही हौसेने.

आता आमच्या मोरीकडे येतो. नव्या घरातली ती पहिली दिवाळी. नरकचतुर्दशीची पहाट, बाहेर चांगलाच गारवा. खिडकीच्या पट्ट्यांतून वारा येतो म्हणून आदल्या दिवशी मीच तिला आतून प्लॅस्टिकचा कागद चिकटवला होता. दार नवे, चौकटीत घट्ट बसणारे. आधी काका न्हाऊन आले, मग मी. तिसरी माझी धाकटी बहीण. आईने तिला तेल-उटणे लावून आत पाठवले, दाराबाहेर कारीट ठेवले आणि ती फराळाची ताटे मांडावयास गेली. पाण्याचा आवाज येत होता. मग तांब्या पडल्याचा आवाज आला. पाण्याचा मात्र तसाच चालू. आईने दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला मी आणि काकांनी दाराला खांदा लावला.

ती कोपऱ्यात अर्धवट कलंडली होती. आम्ही तिला पांघरुणात गुंडाळून गॅलरीत आणले. पाच-सात मिनिटांत तिने डोळे उघडले, मग ओकारी झाली, मग दिवसभर डोके दुखले. डॉक्टरांनी प्राणवायू दिला आणि मला एकच विचारले, “गिझर गॅसचा आहे ना? आणि खिडकी?” घरी आलो तेव्हा आजी मोरीच्या दारात उभी होती. मी तो कागद ओरबाडून काढला. ती तेव्हाही काही बोलली नाही.

नंतर एके दिवशी मी शाळेतल्या फळ्यावर हिशोब मांडला. एक किलो गॅस नीट जळावयास सुमारे बारा घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला साधारण किलोभर गॅस खातो. म्हणजे दहा मिनिटांच्या एका आंघोळीला दोन घनमीटर हवा. आमची मोरी चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच. तीत सगळी मिळून हवा सुमारे साडेपाच घनमीटर. दोन आंघोळी झाल्या, की चार घनमीटर संपली. दार उघडले-मिटले तेवढ्यात थोडी आत आली असेल, ती सोडून द्या. आणि हवा पुरती संपण्याची वाट ज्योत पाहत नाही. प्राणवायू थोडा उणा पडला, की ती अर्धवट जळू लागते आणि तो बिनवासाचा वायू सोडू लागते. तिसरीच्या वाट्याला काय उरले होते, हे फळ्यावर दिसत होते. मुलांनी विचारले, “सर, ही कुठल्या धड्यातली बेरीज?” मी फळा पुसला.

बंब निर्दोष होता म्हणून वाड्यात असे कधी घडले नाही, असे मात्र नव्हे. कोळशाने भरलेला बंब आमच्या या चार बाय सहाच्या मोरीत, खिडकी बुजवून पेटवला असता, तर त्यानेही तेच केले असते. कदाचित लवकर केले असते. फरक यंत्रात नव्हता. वाड्यातल्या न्हाणीच्या भिंती छपराला टेकत नव्हत्या आणि फळ्यांच्या दाराखालून मांजर जाईल एवढी जागा होती, त्यात सगळा फरक होता. काकांनी टेप लावून बंबाची लांबी-रुंदी मोजली, मी गिझरची मोजली, बिल्डरने मोरीची मोजली. विस्तव उभा राहावयास किती जागा लागते, हे आम्हां तिघांनाही काटेकोर ठाऊक होते. त्याला श्वास घ्यावयास किती लागते, ते आजीने विचारले होते. पण तिचा शब्द ‘झरोका’ होता आणि आम्ही तिला खिडकी दाखवली.

अशा बातम्या त्यानंतर मी वाचीत आलो आहे. मुंबई, पुणे, नाशिक, हिवाळ्याचे दिवस, बंद स्नानगृह, नवे जोडपे किंवा परीक्षेला बसलेली मुलगी. मजकूर बहुतेक तोच. वाचताना मी पहिल्याने खोलीचे माप दिले आहे का ते पाहतो.

विजेचा गिझर घ्यावा असे त्या वेळी ठरत होते. पण मीटरचा भार वाढवून नवी तार ओढण्याचा खर्च तेव्हा झेपण्याजोगा नव्हता. शेवटी गॅसचाच गिझर उचलून गॅलरीच्या बाहेरच्या भिंतीवर नेला आणि तेथून मोरीत फक्त पाण्याची नळी आणली. प्लंबरने भिंतीला भोक पाडावयास वीस मिनिटे घेतली. सिमेंट उडून आईच्या तुळशीवर पडले, त्याबद्दल त्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागले. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या आम्ही काढून टाकल्या आणि तेथे जाळी बसवली. मोरीत आता वारा येतो. जानेवारीत तर चांगलाच झोंबतो.

बंब मोडीत गेला नाही. मोडवाला दोनदा येऊन वजन करून गेला, दोन्ही वेळा आईनेच त्याला परत पाठवले. धनत्रयोदशीला आम्ही तो माळ्यावरून उतरवतो, चिंचेने घासतो, गळ्यात झेंडूची माळ घालतो आणि मोरीच्या दाराबाहेर ठेवून भोवती रांगोळी काढतो. चतुर्दशीच्या पहाटे गॅलरीतल्या गिझरचे कढत पाणी बादलीने आणून त्यात ओततो, वर विसण घालतो आणि त्याच्या तोटीने घंगाळ भरून घेतो. आजी आता नाही. बहीण नागपूरहून मुलांना घेऊन येते, तेव्हा पहिला तांब्या तिच्या मुलांचा. तोटी जुनी झाली आहे, थेंब थेंब गळते. तांबट आळीत नेऊन ती बदलून आणावयाची, असे गेली तीन वर्षे मी आईला सांगतो आहे. तोवर तिला एक चिंधी बांधून ठेवली आहे.